अनुदानाचा हप्ता रखडला, तर आधी काय वाचवावे

अमेरिकेत सरकारी खर्चाला वेळेत मंजुरी मिळाली नाही, की अनेक खात्यांना कायद्यानेच काम थांबवावे लागते. १ ऑक्टोबर २०१३ पासून १६ दिवस तसे झाले, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या संशोधन रुग्णालयात आठवड्याला सुमारे २०० नवे रुग्ण, त्यांत ३० मुले, दाखल होऊ शकणार नाहीत असे सांगितले होते. फ्लूच्या साथीवर केंद्र सरकारची नेहमीची नजरही त्या दिवसांत उरली नाही. आपल्याकडे लेखानुदानाची, म्हणजे अर्थसंकल्प पूर्ण मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला आगाऊ संमती देण्याची, सोय असल्याने असे सरसकट टाळे लागत नाही. आपले दुखणे निराळे आहे: संशोधन प्रकल्पाचे मंजुरीपत्र फायलीला लागलेले असते आणि अनुदानाचा हप्ता जमा झालेला नसतो. बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेचे भांडार आणि हिशेब बरीच वर्षे सांभाळताना जे उमगले, ते पुढे दिले आहे.

हप्ता लांबणार असे दिसताच, उरलेली रक्कम वाटण्यापूर्वी, पुढे पैसे आल्यावर काय पुन्हा मिळेल आणि काय मिळणार नाही याची यादी करावी. रसायने, नळ्या, यंत्राची वार्षिक देखभाल या गोष्टी थांबू शकतात. गोठवलेले नमुने, रुग्णाच्या तपासणीची ठरलेली तारीख आणि काम जाणणारी माणसे थांबत नाहीत.

नमुन्यांपैकी द्रव नायट्रोजनमधले सर्वांत नाजूक, कारण तो रोज थोडा थोडा उडून जातो. लाकडी पट्टी टाकीच्या तळापर्यंत बुडवून काढावी आणि हवेत हलवावी. तिच्यावर जिथपर्यंत पांढरे दव गोठते, तितकाच नायट्रोजन शिल्लक असतो. ही उंची दर सोमवारी वहीत लिहिली, तर पुढची भरणी कधी लागेल ते आधी कळते आणि पुरवठादाराशी उधारीचे बोलणे वेळेवर करता येते. उणे ८० अंशांचे दोन फ्रीझर अर्धे रिकामे असतील, तर डब्यांचा नकाशा आधी कागदावर काढून सगळे एकात हलवावे. बडोद्याच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावे.

रुग्णांच्या बाबतीत नवी नोंदणी आधी थांबवावी आणि नोंदवलेल्यांच्या तपासण्या चालू ठेवाव्यात. मधुमेहाच्या अभ्यासात सहाव्या महिन्याचे रक्त आठव्या महिन्यात घेतले, तर ते सहाव्या महिन्याचे राहत नाही. नंतर कितीही निधी आला तरी तो रकाना रिकामाच राहतो. औषधाची चाचणी असेल तर चालू रुग्णांना पुरेल इतका साठा आहे का, हे त्याच दिवशी मोजावे. नोंदणी थांबवल्याचे एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनातल्या रुग्णांच्या हिताकडे पाहणाऱ्या समितीला, लेखी कळवावे.

माणसांच्या बाबतीत आम्ही एकदा चुकलो. मानधन तीन महिने थकले, आणि वस्तीत घरोघर जाऊन रक्तदाब मोजणाऱ्या आमच्या परिचारिकेने दुसरीकडे नोकरी धरली. चौथ्या महिन्यात पैसे आले, नवी बाई नेमली, पण ज्या घरांत पहिलीला चहा मिळत असे तिथे नवीला दाराबाहेरूनच परत पाठवू लागले. त्या वस्तीत कोणाचा रक्तदाब वाढला आहे हे पुढे कित्येक महिने कोणालाच कळले नाही. म्हणून संस्थेच्या अंतर्गत निधीतून उसनवार मिळण्याजोगी असेल, तर ती सर्वप्रथम मानधनासाठी मागावी, आणि पैसे कधी येतील हे माहीत नसल्यास सहकाऱ्यांना तसेच सांगावे.

कागदपत्रांविषयी थोडेच, पण कटू: पुष्कळदा हप्ता दिल्लीत नव्हे, आपल्याच टेबलावर अडलेला असतो. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील १२-ए नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला, गेले नाही, तर पुढचा हप्ता सुटत नाही. मार्च संपण्याआधी हिशेब जुळवून ठेवावा, व्याजाची रक्कम वेगळी दाखवावी आणि एका शीर्षाखालचा पैसा परवानगीशिवाय दुसऱ्यावर खर्चू नये.

रक्कम जमा झाल्यावर आधी थकलेले मानधन, मग नायट्रोजनवाल्याची उधारी द्यावी. प्रकल्पाची मुदत संपण्यापूर्वीच, गेलेल्या महिन्यांचा तारखेनिशी उल्लेख करून, वाढीव निधी न मागता मुदतवाढीचा अर्ज करावा. नवी नोंदणी त्यानंतरच उघडावी.