प्रवाळांविषयी शिकवायला निघण्यापूर्वी या चुका टाळा

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही आमच्याकडील निसर्गमंडळे आणि महाविद्यालयांचे गट हिवाळ्यात घाट उतरून मालवणला जातात, एखादा गट लक्षद्वीपलाही पोहोचतो, आणि तेथील लोकांना प्रवाळांचे महत्त्व समजावण्याचा कार्यक्रम उरकून परततो. ‘उरकून’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. अशा गटांची तयारी करून घेण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे, आणि फसलेल्या कार्यक्रमांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते: प्रवाळांच्या आधारावर ज्यांचे पोट चालते, त्यांना आपण चित्रातले प्रवाळ शिकवायला जातो.

घरून नेलेल्या चुका

पहिली चूक सांगलीतच होते. ‘कृष्णेत टाकलेले प्लास्टिक मालवणच्या प्रवाळांना मारते’ हे वाक्य मी आमच्याच विद्यार्थ्यांच्या तक्त्यावर वाचले आहे. कृष्णा पूर्वेला वाहते आणि कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. मालवणशी तिचा काही संबंध नाही. महाबळेश्वराहून पश्चिमेला उतरणारी सावित्री अरबी समुद्राला जाते, आणि कोयनेचे पाणीसुद्धा वीजनिर्मितीनंतर सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून चिपळूणच्या वाशिष्ठीत जाते. कृष्णेबद्दल बोलायचेच असेल, तर आषाढातले तिचे तांबडे, गढूळ पाणी आठवायला सांगावे. जेथे नद्या असा गाळ आणि गोडे पाणी ओततात तेथे प्रवाळ नीट वाढत नाहीत, हे त्या एका आठवणीवरून सांगलीच्या मुलाला कळते.

दुसरा घोटाळा ‘खारफुटी’ या, किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांसाठीच्या शब्दाचा आहे. आमच्या ऊसपट्ट्यातील मुलाला हा शब्द ऐकून बापाच्या वावरात फुटलेले मीठ आठवते. त्याची चूक नाही. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी चोपण झालेल्या जमिनी त्याने पाहिल्या आहेत, समुद्राकाठची झाडे पाहिलेली नाहीत. त्यामुळे निदान आपल्या जिल्ह्यात तरी सरळ ‘कांदळवन’ म्हणावे.

तिसरा घोटाळा पोवळ्याचा. मंगळाच्या अंगठीतील तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील, कमी उजेडात वाढणाऱ्या प्रवाळाचे असते. ते भित्तिका, म्हणजे समुद्रातील चुन्याची भिंत, बांधत नाही. ‘पोवळे म्हणजेच प्रवाळ’ असे सांगून सुरुवात केली की श्रोते पुढचा अर्धा तास अंगठीचाच विचार करतात.

प्राणी की झाड?

प्रवाळ हा प्राणी आहे, हे सांगताना बहुतेक वक्ते अडखळतात आणि अखेर ‘समुद्रातील जंगल’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात चुन्याच्या कपात बसलेला एक इवलासा प्राणी आणि त्याच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवाल असा हा जोडसंसार असतो, आणि प्राण्याच्या ऊर्जेच्या गरजेपैकी 90 टक्क्यांपर्यंतचा वाटा ते शैवाल सूर्यप्रकाशावर तयार करते. हे समजावण्यासाठी मी स्वयंपाकघरातून दगडफूल नेतो. साताऱ्या-सांगलीकडच्या कांदा-लसूण मसाल्यात पडणारे, करड्या रंगाचे, चुरगाळले की मातकट वास सोडणारे ते पापुद्रे म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा असाच जोडसंसार आहे. तो तुकडा हातोहात फिरवल्यावर ‘एकात दोन जीव’ ही कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. मात्र प्रवाळात बुरशीच्या जागी प्राणी आहे, हे लगेच स्पष्ट करावे; नाहीतर मुले प्रवाळाला बुरशी ठरवून मोकळी होतात.

विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरा पडणे, समजावतानाही हाच तुकडा उपयोगी पडतो. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा साधारण एक अंश सेल्सिअसने काही आठवडे वाढले, की प्राणी शैवाल बाहेर टाकतो आणि चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. येथे वक्ते हमखास ‘प्रवाळ मेले’ असे म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरू शकतो आणि ताप लांबला तर मरतो. लक्षद्वीपच्या लोकांनी 1998, 2010 आणि 2016 मध्ये हे डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्यासमोर घाईने मरण जाहीर करणारा वक्ता पहिल्या पाच मिनिटांतच विश्वास गमावतो.

तिथी न पाहता काढलेली सहल

एका पौर्णिमेला आमचा गट सकाळी अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचला. खडकांवरचे जीवन दाखवायचे होते आणि खडक पाण्याखाली होते. मुलांनी डबे उघडले, मी घड्याळ पाहत बसलो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब मला नंतर एका नावाड्याने सांगितला: पौर्णिमेचे पंधरा, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जाते, म्हणून दिवस आम्ही योग्य निवडला होता, फक्त वेळ नेमकी उलटी. ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळांवर चालू नये, हे मात्र बसमध्येच बजावावे; खाली उतरल्यावर कोणी ऐकत नाही.

सभेची वेळही आपल्या सोयीने ठरवू नये. लक्षद्वीपमध्ये शुक्रवारची नमाजाची दुपार सोडावी. तेथे बहुतेक बेटांवर मल्याळमची बोली आणि मिनिकॉयवर महल ही भाषा बोलतात, त्यामुळे हिंदी चित्रफीत लावून काम भागत नाही. मालवणात ‘प्रवाळभित्तिका’ म्हणण्याआधी त्या जागेला तेथील मच्छीमार काय म्हणतात ते विचारावे, आणि दिवसभर तोच शब्द वापरावा.

दोष कोणाच्या माथी?

ही चूक सर्वांत महाग पडते. समुद्र तापण्यात बेटावरच्या माणसाचा वाटा नगण्य असतो, तरी आपण त्यालाच ‘तुम्ही वाचवा’ असे सुनावतो. लक्षद्वीपमधील जुनी घरे प्रवाळाच्या दगडाने आणि चुन्याने बांधली गेली. आज ते दगड काढण्यास कायद्याने बंदी आहे, हे तेथील माणसाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. मालवणात तर 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून ‘अभयारण्य’ हा शब्द मासेमारीवरच्या बंधनांच्या भीतीशी जोडला गेला आहे. तो उच्चारून भाषणाला सुरुवात केली की समोरची मंडळी मनाने उठून जातात.

त्याऐवजी बेटावर गेल्यास तेथील लोकांच्या विहिरीपासून सुरुवात करावी. प्रवाळी बेटावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. मोटर लावून ते जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर मचूळ होते. या टंचाईमुळेच लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर 2005 मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभा राहिला. ज्या बेटावर ही विहीर आहे, ते बेट प्रवाळांनी घडवले आहे आणि लाटांचा मारही तेच अडवतात. लक्षद्वीपच्या गळाने होणाऱ्या टूना मासेमारीला लागणारे जिवंत आमिषाचे बारीक मासेही भित्तिकेच्या आतल्या उथळ पाण्यात मिळतात. विहिरीवरून निघालेली चर्चा आमिषाच्या माशांवर आणि तेथून भित्तिकेवर आपोआप येते.

सभा थंड पडली तर

माणसे आली, मान डोलावली, कोणी काही विचारले नाही, असे झाले तर सादरीकरण आणखी लांबवू नये. ध्वनिक्षेपक बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी जाळी दुरुस्त करणाऱ्यांशेजारी जाऊन बसावे. कोणता मासा पूर्वी कोठे मिळायचा आणि आता मिळत नाही, पर्यटकांच्या होड्या नांगर कोठे टाकतात, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. आमच्या मुली मालवणात अशा बसल्या असता एका मावशींनी उलट विचारले, “तुमची नदी खय जावन मिळता?” तक्ता रंगवणारी मुलगी क्षणभर थांबली आणि बंगालचा उपसागर म्हणाली. मावशींनी जाळे बाजूला सरकवून तिला बसायला जागा करून दिली, आणि पुढचा दीड तास त्याच बोलत होत्या.