‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणण्याआधी: कॅज्युअल्टीत नशेतील रुग्ण सांभाळताना

मराठवाड्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत रात्रपाळीला नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी हे लिहीत आहे. पोळ्याच्या रात्री, आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा ऊसतोडीची उचल हातात पडली की पिऊन आलेले रुग्ण वाढतात आणि सोबतचा कोणीतरी हमखास सांगतो, “काही नाही साहेब, जास्त झाली, उतरेल सकाळपर्यंत.” त्यावर विसंबून केसपेपरवर ‘दारूची नशा’ एवढेच लिहिणे आणि रुग्णाला कोपऱ्यातल्या खाटेवर झोपवणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे. तोंडाला वास येतो याचा अर्थ माणूस प्यायला आहे एवढाच. तो दारूमुळेच बेशुद्ध आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

रुग्ण येताच त्याला डाव्या कुशीवर वळवावे, गालफडात अडकलेला गुटखा किंवा तंबाखू बोटाने काढावी, सक्शन हाताशी ठेवावे आणि श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन व अंगाचे तापमान पाहावे. लगेच ग्लुकोमीटर लावावा. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या यकृताला नवी साखर तयार करता येत नाही, त्यामुळे ती धोकादायकरीत्या खाली जाते; 70 च्या खाली असेल तर 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली शिरेतून द्यावे. रोज पिणाऱ्यास थायमिन (ब1 जीवनसत्त्व) 100 मिग्रॅ शिरेतून द्यावे, मात्र त्यासाठी साखर थांबवून ठेवू नये. सलाईन लावले की दारू लवकर उतरते, हा समज खरा नाही. रक्तातील दारू तासाला साधारण 15 ते 20 मिग्रॅ प्रति 100 मिली या आपल्याच गतीने कमी होते. नातेवाइकांना ताक, लिंबूपाणी किंवा मीठपाणी पाजू देऊ नये, कारण गुंगीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते सहज उतरते.

यानंतर कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत तपासावे. टाळूवरून हात फिरवावा, कानामागे निळसर डाग आहे का आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का ते पाहावे. मोटारसायकलवरून पडलेल्या रुग्णाची मान, तिला इजा नाही हे ठरेपर्यंत, स्थिर ठेवावी. शुद्धीचा ग्लासगो स्कोअर आल्याबरोबर आणि पुढे दर अर्ध्या तासाने वेळेसह लिहावा. दारूची गुंगी तासागणिक कमी होत जाते. स्कोअर घसरला किंवा तीन-चार तासांत सुधारला नाही, तर मेंदूत रक्तस्राव आहे असे धरून सिटी स्कॅनसाठी 108 ने पुढे पाठवावे.

आपल्या भागात दारूच्या वासाखाली दडलेली दोन कारणे विशेष लक्षात ठेवावीत. पहिले कीटकनाशक. कर्जाच्या विवंचनेतला शेतकरी अनेकदा आधी दारू पितो आणि मग फवारणीचे औषध घेतो. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडातून वाहणारी लाळ, घाम आणि छातीतली घरघर दिसली की हातमोजे घालून त्याचे कपडे काढावेत, अंग धुवावे आणि अॅट्रोपिनचे तीन अॅम्प्युल, म्हणजे 1.8 मिग्रॅ, देऊन छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जावी.

दुसरे मण्यार. शेतातल्या आखाड्यावर पिऊन जमिनीवर झोपलेला एक माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठला आणि ‘अजून उतरली नाही’ या शेऱ्यासह आमच्याकडे आला. आवाज देताच तो कपाळाला आठ्या घालून पापण्या उचलू पाही, पण त्या अर्ध्यावरच थांबत. बोट दाबायला सांगितले की मात्र तो लगेच दाबायचा. शुद्ध असून पापण्या झुकलेल्या असणे, हे दारूच्या गुंगीत बसत नाही. मण्यारीच्या दंशाला सूज नसते आणि दातांची खूणही अनेकदा सापडत नाही. अशा रुग्णाला सर्पदंशाच्या लसीच्या 10 कुप्या द्याव्यात आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी ठेवावी.

धोतऱ्याच्या विषबाधेत कीटकनाशकाच्या उलट चित्र असते: बाहुल्या मोठ्या, कातडी कोरडी आणि बडबड असंबद्ध.

एकाच गावातले किंवा एकाच ठिकाणी प्यायलेले अनेक जण दुसऱ्या दिवशी धूसर दृष्टी, पोटदुखी आणि खोल, वेगवान श्वास घेऊन आले, तर ती मिथेनॉलची, म्हणजे विषारी दारूतल्या अल्कोहोलची, बाधा समजावी. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. फोमेपिझोल किंवा इथेनॉल हे उतारे आणि डायलिसिस यांची सोय असलेल्या ठिकाणी विनाविलंब पाठवावे आणि जिल्हा प्रशासनाला तत्काळ कळवावे.

भरती रुग्णाची दारू अचानक बंद होते, हेही विसरू नये. सहा तासांपासून थरथर, पहिल्या दोन दिवसांत झटके आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम दिसू शकतो. यावर उपचार लोराझेपाम किंवा डायझेपामचा आहे.

आरडाओरडा करणाऱ्याशी एकाच व्यक्तीने, ‘काका’ किंवा ‘दादा’ म्हणत, हळू आवाजात बोलावे. बांधावेच लागले तर पालथे कधीही बांधू नये, आणि गुंगीचे इंजेक्शन दिल्यास श्वासावर सतत नजर ठेवावी, कारण दारूसोबत त्याचा परिणाम वाढतो. अपघात किंवा मारहाण असेल तर एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदवावी. दारूसाठी रक्त घेताना त्वचेला स्पिरिट लावू नये. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलीला 30 मिग्रॅ एवढीच असल्याने, स्पिरिट लागलेल्या नमुन्याचा निकाल न्यायालयात टिकणे कठीण होते.

स्वतः चालतो, पाणी पितो, सरळ उत्तरे देतो आणि जबाबदार माणूस सोबत आहे, एवढे जमल्यावरच रुग्णाला घरी सोडावे. त्याआधी नातेवाइकांना बाहेर थांबवून, तो शुद्धीत असताना, “मरावंसं वाटतं का?” हे थेट विचारावे, उत्तर होकारार्थी असेल तर त्याला ठेवून घ्यावे, नसेल तरी केसपेपरच्या मागे टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून द्यावा.