खाणीवर डॉक्युमेंटरी करणाऱ्या मास कॉमच्या मुलांसाठी

गोव्यात मास कॉम करणाऱ्या मुलांवर प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की एक तरी गट लोहखनिजाच्या खाणीपाशी येऊन थांबतो. आमचाही गट तिथेच थांबला होता. आज मी एडिटिंग करते आणि ज्युनियर मुलं स्क्रिप्ट घेऊन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. विषय सोपा नाही, पण तो टाळूही नका. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणींच्या तालुक्यांतल्या मुलांनी तो केला नाही, तर बाहेरून येणारे लोक दोन दिवसांत करून जातात, आणि त्यात आपली माणसं फक्त रडताना किंवा ओरडताना दिसतात.

आधी तारखा पक्क्या करा. गावात कोणीही म्हणतं, ‘खाण बंद पडली तेव्हा...’ आणि तुम्ही मान डोलावता. पण कधी? सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर सरकारने काम थांबवलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने थांबवलं. एप्रिल २०१४ मध्ये कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी कोर्टाने ८८ लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे पहिले लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीत काम सुरू झालं. ज्याने २०११ मध्ये कर्ज काढून ट्रक घेतला त्याची गोष्ट वेगळी आणि ज्याने २०१६ मध्ये घेतला त्याची वेगळी. मुलाखतीत प्रत्येकाला साल विचारा. ‘तेव्हा मुलगी कितवीत होती?’ असं विचारलं की साल बरोबर निघतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. खनिज वाहतूक साधारण ऑक्टोबर ते मे चालते, पावसाळ्यात थांबते. शेतात खाणीचा गाळ वाहून येतो तो मात्र पावसात. म्हणजे धूळ आणि गाळ एकाच शेड्यूलमध्ये मिळत नाहीत. कॉलेजचं सबमिशन मार्च-एप्रिलला असेल, तर जून-जुलैमध्येच कॅमेरा घेऊन बाहेर पडायला हवं, विषय मंजूर झालेला नसला तरी. पाऊस हुकला की मुलं गाळाचे फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा करतात, आणि फिल्म तिथेच पडते.

आता मुख्य गोष्ट. तुमचे सर सांगतील, दोन्ही बाजू घ्या. बरोबर आहे. पण मुलं त्याचा अर्थ असा लावतात की चार मिनिटं ट्रकवाल्याला, चार मिनिटं शेतकऱ्याला, शेवटी सरपंच. अशी फिल्म म्हणजे टीव्हीवरची चर्चा. आमच्या गावांत भांडण कंपनी आणि गाव एवढ्यापुरतं नसतं. ते एकाच घरात असतं. सत्तरीतल्या एका घरी आम्ही बसलो होतो. अंगणाच्या कडेला फणसाखाली ताडपत्री टाकलेला टिपर उभा, पुढच्या चाकांतली हवा गेलेली, बोनेटवर पानांचा थर. काका बँकेच्या हप्त्यांबद्दल बोलत होते, खाण सुरू व्हायलाच पाहिजे म्हणत होते. बोलता बोलता उठले आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. खाली त्यांचंच शेत. वाकून त्यांनी मूठभर माती उचलली. लाल, गुळगुळीत, बोटांना साबणासारखी चिकटणारी. ‘ह्यात काय रुजणार?’ म्हणाले. वहिनी दारातूनच म्हणाल्या, ‘मग सुरू कशाला पाहिजे?’ काका काही बोलले नाहीत. आमच्या फिल्मची खरी सुरुवात त्या न दिलेल्या उत्तरापासून झाली.

म्हणून माझा आग्रह असा: बाजू शोधू नका. ज्या माणसाच्या आत दोन्ही बाजू आहेत तो शोधा. तो सापडायला वेळ लागतो. कॅमेरा न काढता जावं लागतं, चहा घ्यावा लागतो, कोणत्या वाड्यावरचे, कोणाचे कोण, हे सांगावं लागतं. लोक तुमची चौकशी करतात त्याला कारण आहे. सत्तरीतल्या सोनशी गावात एप्रिल २०१७ मध्ये धूळ आणि पाण्याच्या प्रश्नावर लोकांनी ट्रक अडवले, तेव्हा ४५ जणांना अटक झाली. पुढच्याच मार्चमध्ये खाणअवलंबितांनी, म्हणजे खाणीवर पोट असलेल्यांनी, पणजीत रस्ते रोखले, तेव्हा त्यांच्यावर लाठीमार झाला. पोलीस दोघांनीही पाहिलेत. तुमच्या हातातला कॅमेरा कोणाचा, हा प्रश्न दोघांनाही पडणारच.

याच्याशी जोडलेली, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट म्हणजे ओळख. मोठ्या शहरात चेहरा ब्लर केला की माणूस लपतो. गोव्यात लपत नाही. आवाज, सोप्यावरची खुर्ची, तुळशीवृंदावनाचा रंग, ट्रकचा नंबर, कुत्रा, कशावरूनही डिचोलीपासून वाळपईपर्यंत माणूस ओळखतात. त्याचा भाऊ खाणीवर कामाला असतो, मेव्हणा पंचायतीत. त्यामुळे ‘चेहरा दाखवणार नाही’ असा शब्द देऊन कोणाकडूनही काही काढून घेऊ नका. तो शब्द पाळणं तुमच्या हातात नाही. त्याऐवजी सरळ सांगा की तुम्हाला ओळखतील, आणि मग विचारा, हे बोलायचं का? काही जण नाही म्हणतील. त्यांचं म्हणणं कागदपत्रांतून मांडता येतं.

कागदपत्रं मिळतात. नव्या खाणपट्ट्यासाठी पर्यावरण परवाना लागतो, आणि त्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं. नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो, आणि सगळ्या सुनावणीचं व्हिडिओ चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. हे चित्रीकरण माहिती अधिकारात मागा, अर्जाची फी दहा रुपये. एकाच मांडवात शेतकरी, ट्रकमालक, कंपनीचे अधिकारी एकामागून एक बोलतात, तेही नाव सांगून, सर्वांसमोर. इतकं प्रामाणिक फुटेज तुम्हाला स्वतःला मिळणं कठीण. रविवारच्या ग्रामसभेलाही जा, पण कॅमेरा लावण्याआधी सरपंचांना विचारा.

लीजच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. खंदकांच्या कडा ढासळतात, आणि केस झाली तर ती तुमच्याबरोबर तुम्हाला आत नेणाऱ्या गाववाल्यावरही होते. रस्त्यावरून मिळेल तेवढं घ्या. ड्रोन २५० ग्रॅमपर्यंतचा असेल तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोन-हद्दींचा नकाशा बघाच. लाल झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेल्या भागात, लहान ड्रोनलाही सूट नाही. खरं सांगायचं तर ड्रोन शॉटचा मोह आवरा. वरून खाण सुंदर दिसते, आणि खाली राहणाऱ्याला ती तशी कधीच दिसत नाही.

मुलाखतीचं एक. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की आपली माणसं सभेतल्या मराठीत शिरतात, ‘शासनाने दखल घ्यावी’ वगैरे. थांबवू नका, तेवढं होऊ द्या. मग कपड्याला लावलेला लेपल माईक तसाच ठेवून कामाला लागायला सांगा, गुरांना पाणी दाखवताना, नारळ सोलताना. कोकणीत बोलतील तर बोलू द्या, खाली मराठी सबटायटल द्या.

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, झाला की कॉलेजच्या ज्युरीच्या आधी तो त्या घरांत दाखवा, लॅपटॉपवर, सगळं घर बसलेलं असताना. काय काढायचं ते त्यांनी सांगितलं तर ऐका, विशेषतः बायकांचं. मुलाखत देताना त्या बहुधा मागे उभ्या असतात आणि परिणाम मात्र त्यांना भोगावे लागतात. कोणी संपूर्ण मुलाखतच मागे घेतली तर घेऊ द्या. तेवढ्यासाठी दुसरा कट तयार ठेवा.

आणि रॉ फुटेज कोणाला देऊ नका. निवडणूक जवळ आली की दोन्हीकडचे कार्यकर्ते फोन करतात, गोड बोलतात, ‘फक्त त्या काकांची तीस सेकंदं दे’ म्हणतात. ती तीस सेकंदं तुमच्या फिल्ममधून सुटली की मागच्या दारातल्या वहिनींचा प्रश्न त्यात नसतो. हार्ड डिस्क गटातल्या एकाच्याच नावावर ठेवा, कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कॉपी उरली असेल तर स्वतः जाऊन डिलीट करा, आणि बोललेल्या प्रत्येक घरी पूर्ण फिल्मचा पेन ड्राइव्ह पोहोचवा.