लेकराला समुपदेशकाकडं न्यायचंय? मराठवाड्यातल्या आईबापांसाठी थोडं कामाचं

पोरगं दोन महिने झाले नीट बोलतच नाही, अभ्यासाला बसलं की डोकं दुखतं म्हणतं, नाहीतर पोरीला शाळेत दातखीळ बसायलीय, असा फोन येतो आणि शेवट ठरलेला, "मॅडम तुम्ही एकदा समजावून सांगा ना त्याला." आता समजावणारे घरात कमी नसतात हो, आजीनं सांगितलेलं असतं, मामानं सांगितलेलं असतं, क्लासच्या सरांनी तर सगळ्या वर्गासमोर सांगितलेलं असतं. समुपदेशनात आधी लेकराचं ऐकतात, मग तुम्हाला आत बोलावून तुमचंही ऐकतात, आणि इथंच बरेच बाप खुर्चीत अवघडून बसतात कारण ते पोराला दाखवायला आलेले असतात, स्वतःला नाही. ती तयारी ठेवूनच निघा.

कधी न्यायचं

मार्क कमी पडले एवढ्यावरून न्यायची गरज नसते. झोप, जेवण, शाळा, मित्र आणि आवडीचा खेळ यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या आणि दोन आठवडे झाले तरी जागेवर आल्या नाहीत तर न्या. लहान लेकरांचं मन पोटातून बोलतं, म्हणजे शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी अजिबात नाही, किंवा अंथरूण ओलं करणं बंद झालेलं आणि सातव्या वर्षी परत सुरू. (डॉक्टरला दाखवून घ्याच, नुसतं "नाटक करतंय" म्हणू नका.) मोठ्या पोरांत उदासी रडण्यातून कमी आणि रागातून जास्त दिसते, "लई उद्धट झालाय" अशी तक्रार असलेल्यातली बरीच पोरं आतून खचलेली असतात.

लातूर, नांदेड, संभाजीनगरला अकरावी-बारावीला नाहीतर रिपीटला, म्हणजे मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा परत द्यायला ठेवलेल्या लेकरांचं वेगळं सांगते. सुरुवातीला मेसच्या जेवणाची तक्रार असते, मग फोन छोटे होतात, मग "टेस्ट चांगली गेली" एवढंच. आणि घरी ठरलेलं असतं की 'नीट'ची परीक्षा झाली की बघू. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर परीक्षेची वाट बघू नका, न झोपलेलं डोकं तसंही पेपर सोडवत नसतं.

त्याच दिवशी न्यायची वेळ

मरायचं बोलणं, हातावर ब्लेडचे वण, आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकणं, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास आहे" असलं काही दिसलं तर सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं डोक्यात खूळ शिरतं हा गैरसमज आहे, उलट कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. हो म्हणालं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका.

आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फवारणीचं औषध. कापसाच्या, सोयाबीनच्या सिझनमधली उरलेली अर्धी बाटली माळवदावर, बाजेखाली नाहीतर मोरीच्या कोपऱ्यात पडलेली असते, ती आजच घरातून काढा. पोराला माहीत नसलेल्या जागी कुलपात ठेवा नाहीतर भरवशाच्या माणसाकडं द्या. असा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळेला हाताशी काय सापडतं यावर जीव अवलंबून असतो. चुकून पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, औषध सांडलेले अंगावरचे कपडे काढा, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घ्या म्हणजे डॉक्टरला औषध कोणतं ते कळतं. पोलीस केसच्या भीतीनं खासगीत लपवत फिरू नका. दवाखाना नोंद करतो ती नेहमीची पद्धत आहे, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ असं मानतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता आणि त्यासाठी त्याला शिक्षा करायची नाही.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, आणि आईबाप स्वतः पण फोन करू शकतात. लेकराला मारहाण, छळ, कमी वयात लग्न लावायलेत असलं काही असेल तर १०९८, ही लेकरांसाठीची हेल्पलाईन.

दातखीळ बसणारी पोरगी

हे इकडं इतकं आहे की वेगळं लिहिते. आधी शरीराचं बघा, मिरगी आहे का ते डॉक्टर ठरवतील. त्यासाठी एक करा, झटका आला की घरातल्या एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढा, हात कसे हालत होते, डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, किती वेळ चाललं, हे व्हिडिओत दिसतं आणि तुमच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरला त्याचा जास्त उपयोग होतो. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा आणि गर्दी हटवा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर सरळ दवाखाना.

तपासणी करून डॉक्टर म्हणाले की हे मनाच्या ताणातून येतंय, तर त्याचा अर्थ पोरगी ढोंग करतेय असा होत नाही, तिला ते मुद्दाम थांबवता येत नाही. बऱ्याचदा मागं काहीतरी अडकलेलं असतं, शाळा सोडवायचं चाललंय, सोयरीक बघायलेत, घरात कुणीतरी त्रास देतंय, आणि तिला ते बोलायची सोय नाही. देवदेव करायचं त्यांनी करावं, मी त्यात पडत नाही, पण भूत काढायचं म्हणून बांधणं, मारणं, धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, भगत कितीही ओळखीचा असो.

कुठं जायचं

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथंच बसतात. मेडिकल कॉलेजं म्हणाल तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी, लातूरला विलासराव देशमुख, जवळ पडेल ते बघा. तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दहा ते एकोणीस वयाच्या पोरापोरींसाठी मैत्री क्लिनिक असतं का ते विचारा, पाळीपासून प्रेमापर्यंत कशावरही बोलता येतं. लेकरू उशिरा बोलायलं, नजरेला नजर देत नाही, एकाच जागी गोल फिरतं असं असेल तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणत बसू नका. अंगणवाडीत-शाळेत तपासणीला गाडी येते त्या पथकाला दाखवा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात. आणि आशाताईंना विचारायला लाजू नका, शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पापासून घरातल्या ताणाची चौकशी करणं त्यांच्या कामातच आलंय.

खासगीत जाणार असाल तर पाटी नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, टेस्ट आणि थेरपी करतात, त्यांच्याकडं आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर असतो तो विचारा, यात अपमान कसला. समुपदेशक म्हणवणाऱ्याला शिक्षण काय आणि लेकरांसोबत किती काम केलंय हे विचारा. आठवड्यात एकाग्रता वाढवून देतो म्हणणारे आणि बोटांचे ठसे घेऊन पोरगं डॉक्टर होणार का इंजिनिअर ते सांगणारे यांच्यापासून लांब राहा, त्या ठशांच्या टेस्टला काडीचा शास्त्रीय आधार नाही आणि फी मात्र दणकून घेतात.

घरी काय सांगून न्यायचं

खोटं बोलून नेऊ नका. "मामाकडं जायचंय" म्हणून एसटीत बसवलं आणि दवाखान्यात उतरवलं की ते लेकरू तिथं तोंड उघडत नाही, आणि पुढच्या वेळेला गाडीतच बसत नाही. आदल्या दिवशी सांगा. लहानाला सांगायचं, "एक ताई आहेत, त्या लेकरांशी खेळतात, बोलतात, तुला रात्री भीती वाटते ना त्याचं काय करायचं ते त्या आपल्याला सांगतील. सुई नाही." सोळा-सतरा वर्षांच्याला, "तू वेडा नाहीस, मला तुझी काळजी वाटायलीय आणि मला एकट्याला जमेना, एकदा चल, नाही पटलं तर दुसरं बघू."

बापानं पण यायचं. शेतात काम आहे, दुकान आहे, सगळं मान्य, तरी पहिल्या वेळेला या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत लेकरू आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात असतं आणि आईबाप पाच-सहा महिने कारखान्यावर, तिथं मी सांगते की कोयता घेऊन निघायच्या आधी एक भेट करून घ्या आणि पुढं फोनवर बोलता येईल का ते तिथंच विचारून ठेवा. आजीला लेकरू जेवलं का ते माहीत असतं, पण ते रात्री आईच्या नावानं उठतं हे आजी कधीकधी सांगत नाही, तुम्हाला तिकडं घोर नको म्हणून.

पहिला दिवस

सरकारी ओपीडी असेल तर सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, डबा न्या, वेळ जातो. कोणत्या वारी मानसोपचाराचे डॉक्टर बसतात ते आधी विचारून घ्या नाहीतर हेलपाटा होतो. जुने कागद, चालू गोळ्या, शाळेची प्रगतीपत्रकं सोबत ठेवा. जन्मल्यावर लगेच रडलं होतं का, चालायला-बोलायला कधी लागलं, घरात असा त्रास कुणाला होता का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका, चुलत्याला काय झालं होतं ते तिथून गावात जात नाही.

मग तुम्हाला बाहेर बसवतील. लहान असेल तर आत चित्रं काढतील, बाहुल्या खेळतील, आणि बाहेर कुणीतरी बाप म्हणणारच, "खेळायचेच पैसे घेतात का?" हो, खेळायचेच. सहा वर्षांचं लेकरू "मला असुरक्षित वाटतं" असं बोलत नाही, ते बाहुलीच्या घराचं दार परत परत लावून घेतं, आणि शिकलेल्या माणसाला त्यातून दिसतं.

आत बोललेलं सगळं तुम्हाला सांगत नाहीत, ढोबळ सांगतात. जीवाला धोका असेल तर मात्र सांगतातच, आणि अठराच्या आतल्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं, ओळख असली तरी ते टळत नाही आणि टळू पण नये. परत येताना एसटीत "काय विचारलं, तू काय सांगितलं" सुरू करू नका. भजी खा, गप्पा मारा.

तुम्हाला आत बोलावतात तेव्हा

खरं काम बऱ्याचदा इथं होतं. एका सेशनमध्ये बापाला सांगितलं, पोराला असा एक प्रश्न विचारा ज्यात अभ्यास, मार्क, क्लास काहीच नाही. बाप पोराकडं बघतोय, भिंतीकडं बघतोय, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "जेवलास का?" पोरगं हसलं, म्हणालं, "पप्पा, आत्ता तर सोबत खाल्लं." पण हसलं ना. त्या घराला पुढच्या वेळेपर्यंत एवढंच काम होतं, रोजच्या फोनची पहिली पाच मिनिटं मार्काचं नाव नाही. असलं काम फालतू वाटतं पण करा, समुपदेशक सांगतो आणि घरात काहीच बदलत नाही असं झालं की लेकराला ते पहिल्यांदा कळतं. घरात रोज पिऊन भांडण होत असेल तर लेकराच्या थेरपीसोबत पिणाऱ्याचा पण केसपेपर काढावा लागेल, त्याला पर्याय नाही.

साधारण आठवड्याला नाहीतर पंधरा दिवसाला, पाऊण-एक तास, आणि काही महिने चालतं. मध्येच बिघडल्यासारखं वाटतं, तेवढ्यावरून सोडू नका. गोळ्या दिल्या तर उदासीच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करू नका, "सवय लागते" असं शेजारच्यानं सांगितलं तर डॉक्टरला विचारा, शेजाऱ्याला नाही. शाळेत एकाच भरवशाच्या शिक्षकाला सांगा, सगळ्या स्टाफरूमला नको. वाचायला-लिहायलाच अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून प्रमाणपत्र घ्या, बोर्डात जादा वेळ, लेखनिक असल्या सवलती मिळतात, पण आठवी-नववीतच हाती घ्या, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून होत नाही.

घरात कुणी जीव दिला असेल तर

लेकराला खरं सांगा, वयाला झेपेल एवढं. "बाबा झोपलेत" सांगितलं की लहान लेकरं झोपायला घाबरतात, "गावाला गेलेत" म्हटलं की वाट बघतात, आणि खरं त्यांना शाळेतली पोरं सांगतातच. "बाबा वारले, आता परत येणार नाहीत, त्यात तुझी काही चूक नाही" हे शेवटचं वाक्य परत परत सांगावं लागतं, लेकरं मनात स्वतःलाच धरून बसतात. आणि दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांना आवरा, बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून "आता तूच घरचा कर्ता" म्हणायची काही गरज नसते. कर्ज कोण फेडणार हे पोरासमोर बोलायचं नाही.

एवढं करून पोरगं म्हणालं मी येत नाही, तर ओढत नेऊ नका, तुम्ही एकटे जा. आईबापांनीच दोन-तीन वेळा जाऊन घरातलं बोलणं बदललं आणि मग पोरगं आपणहून गाडीत बसलं असं बऱ्याचदा होतं. एक समुपदेशक नाही पटला तर दुसरा बघा, पहिल्याला सांगून गेलात तर तो दुसऱ्याला दाखवायला कागद पण देतो.