दम लागतोय? मग फुंकायची टेस्ट नीट करून घ्या

जिना चढताना धाप लागते, सकाळी खोकून खोकून बेडका पडतो आणि घरचे म्हणतात वय झालं आता. कृपा करून असं सोडून देऊ नका, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायची टेस्ट, मशीन असेल तर फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातच होते, सुई नाही काही नाही. चाळिशी ओलांडलीय आणि बिडी-सिगरेट ओढता किंवा आधी ओढायचात, दगडखाणीत काम केलंय, तर स्वतःहून विचारा. आणि ज्या बायकांनी वर्षानुवर्षं चुलीचा धूर गिळलाय त्यांनी तर नक्कीच, त्यांना कोणी विचारतच नाही कारण त्या बिडी ओढत नाहीत!

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी बेडका तपासून टीबी नाही ना ते बघा. हल्लीच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल तर आधीच सांगा. तासभर आधी बिडी नको, पोट तडस लागेपर्यंत जेवून जाऊ नका, कपडे सैल घाला. श्वासाचा पंप (इनहेलर) घेत असाल तर तो कधी थांबवायचा ते डॉक्टरांना विचारूनच.

आता खरं काम फुंकण्याचं. आमच्या काकूने पहिल्यांदा फुंकणीने चूल पेटवतात तसं गाल फुगवून फू फू केलं, सगळं वाया. ताठ बसायचं, नाकाला चिमटा, छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायचा, नळी दातांत धरून ओठ घट्ट मिटायचे आणि एकदम जोरात सोडायचा, मग थांबायचं नाही, आता काही उरलं नाही वाटलं तरी सोडत राहायचं, साधारण सहा सेकंद. असं निदान तीनदा, आणि त्यातले चांगले दोन जुळायला हवेत, म्हणून परत फुंका म्हटलं तर वैतागू नका. चक्कर आली तर लगेच सांगा.

मग पंप देतात आणि पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात, ही दुसरी फेरी टाळू नका. रिपोर्टमध्ये बघायचं की पहिल्या सेकंदात एकूण हवेतली किती बाहेर आली. पंपानंतरही ७० टक्क्यांच्या खाली असेल तर श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात, सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार असू शकतो, बाकी तुमचा त्रास बघून डॉक्टर ठरवतील. रिपोर्ट नॉर्मल आला पण रात्री छातीत शिट्टी वाजते, तर दमा नाहीच असं धरू नका, त्रास होतोय त्या दिवसांत परत जाऊन फुंका.