भूल उतरताना मूल बिथरू नये म्हणून

सेव्होफ्लुरेन (श्वासातून दिला जाणारा भुलीचा वायू) बंद झालं की काही मिनिटांतच मूल किंचाळतं, हातपाय झाडतं, आईलाही ओळखत नाही. हा हट्ट नव्हे. दरवेळी वेदनाही नसते: नुसत्या एमआरआयसाठी सेव्होफ्लुरेन दिलेली मुलंही अशी उठतात. धोका सर्वाधिक 2 ते 5 वर्षांच्या मुलांना, त्यातही टॉन्सिल, ॲडेनॉइड किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल आणि मूल आधीच घाबरलेलं असेल तर.

सुरुवात सकाळीच करा. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत द्या. तहानलेलं मूल टेबलावर चिडूनच येतं. मास्क लावताना आई किंवा बाबा जवळ असावेत, मोबाइलवर आवडता व्हिडिओ चालू असावा. तोंडावाटे मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध (0.5 मिग्रॅ/किलो, 20–30 मिनिटं आधी) भीती घालवतं, पण उठताना मूल शांत राहीलच याची हमी देत नाही.

वेदनाशमन जाग येण्याआधीच लागू पडलेलं हवं. पॅरासिटामोल 15 मिग्रॅ/किलो; हर्नियासारख्या शस्त्रक्रियेत सुरुवातीलाच कॉडल ब्लॉक (माकडहाडाजवळ इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं).

खरा फरक पडतो तो औषधाच्या वेळेने. इंडक्शनला, म्हणजे भूल सुरू करताना, दिलेलं प्रोपोफॉल (शिरेतून देण्याचं भुलीचं औषध) तासभर सेव्होफ्लुरेन चालल्यावर उपयोगाचं राहत नाही; तेच 1 मिग्रॅ/किलो अगदी शेवटी, सेव्होफ्लुरेन बंद करताना द्या. किंवा डेक्समेडेटोमिडिन (शांत झोप आणणारं औषध) 0.3–0.5 मायक्रोग्रॅम/किलो, 10 मिनिटांत सावकाश. घाईने दिलं तर नाडी मंदावते. धोका फारच असेल तर पूर्ण भूल प्रोपोफॉलच्या इन्फ्युजनवर (शिरेतून सतत सोडून) देणं आम्हाला अधिक पटतं. दोन-तीन औषधं एकावर एक मात्र रचू नका, विशेषतः झोपेत श्वास अडणाऱ्या टॉन्सिलच्या मुलांत.

रिकव्हरीत दिवे मंद ठेवा, गाल थोपटून उठवू नका, डोळे उघडण्याआधी आईला बोलवा.

तरी बिथरलंच, तर आधी ऑक्सिजन, श्वासमार्ग, साखर, भरलेली लघवी, घट्ट पट्टी तपासा. मग पेड स्केल (PAED, हे बिथरणं मोजण्याची गुणपद्धत): पाच मुद्दे, एकूण 20 गुण, 10 किंवा अधिक गुण म्हणजे सावध व्हा. नजर न मिळवणं, हेतूविना हालचाल आणि भोवतालचं भान नसणं हे पहिले तीन मुद्दे महत्त्वाचे, कारण अस्वस्थता आणि रडणं वेदनेनेही वाढतं. बहुतेक मुलं 10–15 मिनिटांत आपोआप निवतात. तोवर सलाइनची सुई आणि पलंगाचे कठडे सांभाळा. स्वतःला इजा करत असेल तरच प्रोपोफॉल 0.5–1 मिग्रॅ/किलो द्या, अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवून, आणि पुन्हा पूर्ण जागं होईपर्यंत जवळून हलू नका.