हवामानाचं कार्ड: वेब डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

वेब डिझाइन शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिला सराव हवामानाच्या कार्डाचा, म्हणजे एका गावाचं हवामान दाखवणाऱ्या छोट्या चौकटीचा, देतो. आकडे तासातासाला बदलतात, गावं बदलतात, चौकट मात्र तीच टिकावी लागते. रत्नागिरीसाठी केलेली मांडणी मालवणला आणि हर्णैला कोडला हात न लावता चालली, तरच तिला टेम्प्लेट म्हणायचं.

कोड नंतर. आधी कार्ड कोण वाचणार ते कागदावर लिहा. देवगडच्या बागायतदाराला मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवेची आणि अवकाळी पावसाची धास्ती. मालवणच्या मच्छीमाराला वारा आणि लाटांची उंची हवी. पण त्यासाठी दोन वेगळी पानं बनवू नका. तापमान, पाऊस, वारा, लाटा, इशारा असे सुटे तुकडे करा आणि ज्याला जे हवं ते जोडा. एचटीएमएल या पानाचा सांगाडा लिहिण्याच्या भाषेतला टेम्प्लेट टॅग यासाठीच आहे: त्यातला मजकूर पानावर आपोआप दिसत नाही, जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने त्याची प्रत काढून आकडे भरायचे. तुकडे शेजारी लावायला सीएसएस ग्रिड, म्हणजे रांगा-रकान्यांत मांडणी करायची सोय, पुरतं.

खरा अभ्यास वेळेचा आहे. हवामान विभागाचा दिवसाचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा मोजतात. हवामानाचे आकडे पुरवणाऱ्या ओपन-मेटिओसारख्या सेवेला तुम्ही टाइमझोन सांगितला नाही, तर ती जीएमटी, म्हणजे ग्रिनिचची वेळ, धरते आणि तिचा दिवस आपल्याकडे पहाटे ५:३० ला सुरू होतो. हे दोन आकडे एका रांगेत ठेवले तर वाचणारा फसतो. म्हणून ‘कधीपासून कधीपर्यंत’ ही ओळ टेम्प्लेटमध्येच असू द्या, ती ऐच्छिक नको. एककाचंही तसंच. वारा कुठे नॉटमध्ये येतो, कुठे ताशी किलोमीटरमध्ये. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

पाऊस शून्य आणि नोंदच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. जावास्क्रिप्टची साधी ‘इफ’ची अट मात्र शून्यालाही रिकामं समजते. ऐन जुलैत यंत्र बंद पडलं आणि कार्डावर ० मिमी दिसलं, तर ते खोटं बोलणं झालं. तिथे स्पष्ट ‘नोंद नाही’ लिहा.

इशाऱ्याचा रंग स्वतः ठरवू नका, हे मी फार आग्रहाने सांगतो. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति मुसळधार, ही वर्गवारी खरी; पण हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग हवामान विभाग परिणामाचा विचार करून देतो. तेच घ्या, आणि रंगासोबत शब्दही छापा. जेट्टीवरच्या उन्हात मोबाइलवर पिवळा आणि नारिंगी सहज ओळखू येत नाहीत.

मराठी अक्षरांना उंची लागते. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, ते अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा. ‘निरभ्र’ बसलं म्हणून खूश होऊ नका, ‘विजांच्या कडकडाटासह अत्यंत मुसळधार पाऊस’ अरुंद पडद्यावर बसवून बघा.

नोकरीसाठी काम दाखवताना एकच कार्ड तीन बंदरांसाठी चालवून दाखवा: एकात सगळी माहिती, एकात पावसाची नोंद नाही, एकात लाल इशारा. कोड विचारला तर तो तिन्हींना एकच आहे, हे उघडून दाखवा.